कुत्र्याला घेऊन बालाघाटाचा माथा ओलांडताना

बीड जिल्ह्यातल्या डोंगराला सुळका नाही. खालून मोठा, अंगावर येणारा वाटणारा उतार चढून वर पोचावं, तर समोर ज्वारीचं रान, बांधावरची बाभूळ आणि दूरवर एखादी वस्ती. सह्याद्रीत हरिश्चंद्रगडापाशी मूळ रांगेतून एक फाटा फुटतो, आग्नेयेकडे अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर असा पसरत जातो, तोच बालाघाट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. त्यातले मऊ थर पाण्याने झिजले आणि कठीण थर टिकले, म्हणून इथला माथा सपाट आणि बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या. या माथ्याचं मोल उंचीत शोधू नये. तो महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या खोऱ्यांमधला दुभाजक आहे. पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरा आणि सिंदफणा गोदावरीला जाऊन मिळतात. त्याच तालुक्यात सौताड्याला कड्यावरून उडी घेणारी विंचरणा सीना नदीकडे वळते, म्हणजे शेवटी भीमेला आणि कृष्णेला. इथला माथा ओलांडणं म्हणजे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात उतरणं.

एका दिवसात हा माथा पायी ओलांडायचा असेल तर गर्भगिरीसारखी दुसरी जागा नाही. बालाघाटाच्याच या भागात नाथपंथाची ठाणी दाटीने आहेत. उत्तरेला पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ, डोंगरावर आष्टी तालुक्याच्या हद्दीत सावरगावजवळ मायंबा, म्हणजे मच्छिंद्रनाथांची समाधी, आणि पूर्वेला पाटोदा तालुक्यात चिंचोलीजवळ गहिनीनाथगड. मढीहून मायंब्याला डोंगरातून पायी जाणारे भाविक पूर्वापार आहेत. मी हे प्रकरण त्याच वाटेच्या आधाराने लिहितो आहे, कारण सोबत कुत्रा असेल तेव्हा काय काय बघावं लागतं, ते सगळं या एका वाटेवर भेटतं: तापणारा काळा दगड, पाण्याची टंचाई, कुसळी गवत, मेंढरांचे कळप, बिबट्या आणि दोन्ही टोकांना देवस्थानची गर्दी.

कुत्र्याची आणि डोंगराची जोड आपल्याकडे जुनी आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले, तरी युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालत राहिला तो कुत्रा. आणि त्याला मागे टाकून स्वर्गाच्या रथात बसायला युधिष्ठिराने नकार दिला. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, भैरवाचं वाहनच कुत्रा, खंडोबाच्या टाकावरही घोड्याजवळ कुत्रा दिसतो. नाथांच्या या डोंगरात कुत्र्याला हाकलून लावणारा माणूस कमी भेटतो, आणि त्यामागे हा सगळा वारसा आहे.

बाहेरच्या जगातल्या दोन कुत्र्यांच्या नोंदी इथे सांगायला हव्यात. आल्प्समध्ये चिंगेल नावाची एक कुत्री होती. 1868 मध्ये ख्रिस्तियान आल्मर या वाटाड्याने ती कूलिज या तरुण गिर्यारोहकाला दिली. पुढे तिने त्याच्याबरोबर डझनावारी शिखरं चढली आणि 1875 मध्ये मॉं ब्लांच्या माथ्यावर स्वतःच्या पायांनी पोचली. दुसरी अलीकडची, नेपाळमधली मेरा. ही भटकी कुत्री 2018 च्या नोव्हेंबरमध्ये एका मोहिमेच्या मागे लागली आणि बारुंत्से या 7,000 मीटरहून उंच शिखरावर चढून गेली. तिला कोणी नेलं नव्हतं, ती आपणहून मागे आली. उतरताना मात्र घाबरली, तेव्हा तिला दोर बांधून खाली आणावं लागलं.

लोक या गोष्टी कुत्र्याच्या पराक्रमाच्या म्हणून सांगतात. मला त्यांतून वेगळंच दिसतं. बारुंत्सेच्या शिखरावर ना अन्न होतं, ना सावली, ना दुसरं कुत्रं. तरी मेरा गेली, कारण पुढे माणसं चालली होती. कुत्रा डोंगर चढत नाही, तो माणसामागे चढतो. दमला तरी चालतो, पंजे सोलवटले तरी चालतो, ऊन डोक्यात गेलं तरी कोसळेपर्यंत चालतो. ‘आता पुरे’ हा निर्णय तो घेत नाही, म्हणून तो आपल्याला घ्यावा लागतो. कुत्र्याला डोंगरावर नेण्याचं सगळं शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरतं.

आणि हा निर्णय बहुतेक वेळा उन्हाचा असतो. कुत्रा आपल्यापेक्षा चपळ, म्हणून तो आपल्यापेक्षा जास्त चालू शकेल असा सार्वत्रिक समज आहे. थंडीत तो खराही आहे. अलास्कातल्या इडिटारोड शर्यतीत कुत्र्यांचे संघ बर्फातून सुमारे 1,600 किलोमीटर गाडी ओढत नेतात. उन्हात मात्र पारडं उलटं फिरतं. माणसाच्या सबंध कातडीवर घामाच्या ग्रंथी आहेत, अंगावर केस विरळ आहेत, आणि तो उभा चालत असल्याने भर दुपारी ऊन त्याच्या डोक्या-खांद्यांवरच काय ते पडतं. कुत्र्याचा घाम फक्त पंजांच्या गाद्यांतून येतो, तोही नाममात्र. शरीरातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा खरा मार्ग म्हणजे धापा टाकणं: जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओल्या पृष्ठभागावरून हवा वेगाने फिरवून पाण्याची वाफ करणं. हवा गरम आणि दमट असेल तर हा मार्ग अपुरा पडतो. भर उन्हाच्या लांब चालीत माणूस कुत्र्याला मागे टाकतो, हे आधी मनाशी पक्कं करावं.

निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. ते 105 च्या पुढे गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो आणि त्यानंतर मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा व्हायला फार वेळ लागत नाही. डोंगरात थर्मामीटर कोणी लावत बसत नाही, म्हणून खुणा ओळखायच्या. जीभ नेहमीपेक्षा लांब आणि टोकाला पसरट, लाळ चिकट व तारदार, हिरड्या लालभडक, हाक मारली तरी उशिरा बघणं, मागचे पाय लडखडणं, उलटी. सावली दिसली की तो स्वतःहून आडवा होत असेल तर ती पहिली सूचना. तिथेच थांबावं, त्याला उठवू नये. पुढची लक्षणं दिसली तर आधी गार करायचं आणि मग खाली न्यायचं. जे पाणी हाताशी असेल ते पोटावर, जांघेत, छातीवर ओतत राहायचं आणि टोपीने वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. तो थोड्या वेळात स्वतःच गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्यावं, बळजबरीने तोंडात ओतू नये.

आता वाट. मढीकडून निघायचं एक कारण दिशेचं आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळे उत्तरेकडचा उतार सकाळी बराच वेळ गार राहतो. म्हणजे चढ सावलीत आणि माथ्यावरची सपाट चाल कोवळ्या उन्हात. उजाडता उजाडता निघालं तर चढाचं काम ऊन तापायच्या आत संपतं. निघण्याआधी कुत्र्याला भरपेट खायला घालू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत, मग तो कारवानी असो, डॉबरमन असो वा अल्सेशियन, भरल्या पोटी धावपळ झाली तर पोटाला पीळ पडण्याची भीती असते आणि त्यावर शस्त्रक्रियेखेरीज इलाज नाही. दोन-तीन तास आधी थोडं, वाटेत घास-दोन घास, आणि खाली उतरून विसावल्यावर पोटभर. भाकरी, भात, उकडलेलं अंडं चालेल. आपल्या फडक्यातला कांदा मात्र देऊ नये. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं-मनुके मूत्रपिंडाला आणि चॉकलेट हृदयाला घातक. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले अशी कथा आहे; पण डोंगर चढणाऱ्या कुत्र्याला तूपही बेतानेच.

दसरा-दिवाळीच्या सुमारास हा सगळा डोंगर कुसळी गवताने पिवळा पडलेला असतो. दिसायला फार देखणा, पण कुत्र्याच्या दृष्टीने या ऋतूतला सगळ्यात मोठा त्रास हाच. कुसळाचं टोक सुईसारखं आणि त्यावर मागे वळलेले बारीक काटे, त्यामुळे ते एकदा शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. आपल्या पँटला लागलेली कुसळं आपण काढून टाकतो. कुत्र्याच्या ती बोटांच्या बेचक्यात, कानात, पापणीखाली जातात आणि कातडीखालून सरकत जाऊन कुठेतरी गळू करतात. कुत्रा चालता चालता अचानक डोकं झटकायला लागला, एकाच बाजूला मान कलती ठेवली, किंवा बसल्या जागी एकच पंजा चाटत राहिला, तर कुसळ गेलं असं समजावं आणि तिथेच शोधावं. लांब केसांच्या कुत्र्याच्या बोटांमधले आणि कानांभोवतीचे केस निघण्याआधीच कापलेले बरे. माथ्यावरच्या पडीक रानात सराट्यांचा त्रास, बांधांवर बोरी-बाभळीचा. तेव्हा एक चिमटा खिशात हवाच. संध्याकाळी अंगभर हात फिरवून गोचिडी बघायच्या. त्या चावल्यातून येणारा ताप कुत्र्याला आठवड्यांनी आडवा पाडतो आणि मग त्याचा संबंध डोंगराशी कोणी लावत नाही.

माथ्यावर पोचलं की पाण्याचा प्रश्न सुरू होतो. 20 किलोच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला एक लिटरच्या आसपास पाणी लागतं. चढणीच्या दिवशी दुप्पट धरावं आणि ते आपल्या पाठीवर न्यावं. वर मिळेल या भरवशावर निघू नये. बीड जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो, आणि काळा दगड पाणी फार काळ धरून ठेवत नाही. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर इथल्या लोकांनी खोदलेले पाझर तलाव आजही या डोंगरात जागोजाग दिसतात. पौषापर्यंत त्यांत पाणी असतं, पुढे तळ उघडा पडतो. साचलेल्या, हिरवट पाण्यात कुत्र्याला तोंड घालू देऊ नये. गुराढोरांच्या आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून येतो.

आणखी एक गोष्ट बीडबाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. डोंगर चढायला सगळ्यात चांगले महिने म्हणजे कार्तिक ते माघ, आणि नेमक्या याच महिन्यांत इथल्या वाड्या-तांडे अर्धे रिकामे असतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज इथून लाखो माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. बैल, शेळ्या, कोंबड्या, बिऱ्हाड असं सगळं घेऊन टोळी निघते तेव्हा घरचं कुत्रंही गाडीबरोबर जातं. माथ्यावरच्या वस्तीवर तेव्हा म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरतात. त्यांच्याकडे पाण्याचा एक रांजण असतो आणि त्यासाठी ती लांबून पायपीट करून आलेली असतात. पाहुणा म्हणून ती नाही म्हणणार नाहीत, पण आपल्या कुत्र्यासाठी त्या रांजणाला हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

मेंढरं दिसली तर मात्र सावध व्हायचं. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे या भागात फिरतीवर असतात आणि वाड्याची कुत्री अनोळखी कुत्र्याला शत्रूच समजतात. तेच त्यांचं काम आहे. कळप दिसताच आपला कुत्रा दोरीला घ्यावा, लांबूनच हाक द्यावी, “मामा, कुत्री आवरा हो, आमच्याबरोबर कुत्रं हाय,” आणि उत्तर येईपर्यंत जागचं हलू नये. कळपाच्या मधून जाऊ नये, वारं बघून वळसा घालावा. आपला कुत्रा शहरात कितीही गुणी असो, पळणारी मेंढी दिसली की त्याच्यातला शिकारी जागा होतो, आणि गाभण मेंढीला नुसतं पळवलं तरी धनगराचं नुकसान होतं.

आता बिबट्याविषयी. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या मुलखात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. त्यात आढळलं की बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी वजनाने सुमारे 87 टक्के पाळीव किंवा गावातल्या प्राण्यांचं होतं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा. शेळ्यांचा वाटा त्याच्या एक तृतीयांशही नव्हता. म्हणजे बिबट्याच्या लेखी कुत्रा हे नित्याचं अन्न आहे. गर्भगिरीच्या दोन्ही बाजूंना बिबट्या आहे. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली आणि नरभक्षक ठरवलेला बिबट्या डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात मारला गेला. असा प्रसंग विरळा. कुत्रं उचलून नेणं मात्र नेहमीचं. कुत्रा दोरीवर असावा, ओढ्याकाठच्या झाडोऱ्यात आणि उसात त्याला मोकळा सोडू नये, आणि दिवस मावळायच्या बराच आधी मोटारीपाशी असावं. कुत्रा एकाएकी थबकून, केस उभे करून एकाच दिशेला रोखून बघत असेल तर त्याचं ऐकावं आणि त्या दिशेला जाऊ नये.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. डोंगरातल्या जनावरांना कुत्र्यापासूनही धोका आहे. बालाघाटाच्या माळांवर लांडगा आहे, खोकड आहे, कोल्हा आहे. कुत्र्यांतला डिस्टेंपर आणि रेबीज त्यांना होतो. 2018 मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपरच्या विषाणूने मृत्यू घडवले तेव्हा हा धोका देशाला कळला. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकरही आढळला आहे. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य 1994 मध्ये जाहीर झालं, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. लांडोर जमिनीवर अंडी घालते, आणि कुत्र्याला ती वासावरून सापडतात. म्हणून अभयारण्यात कुत्रा नेऊच नये, दोरीवरही नाही. जिल्ह्यात मोकळे डोंगर पुष्कळ आहेत.

या वाटेचा एक प्रश्न असा आहे की त्याविषयी कोणी लिहीत नाही. मढीसारख्या गावातून निघालं की बहुधा गावातलाच एखादा कुत्रा आपणहून बरोबर येतो. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, कुठेही जा, हा अनुभव सगळ्या ट्रेकरांचा आहे. गड चढून त्याच वाटेने उतरायचं असेल तर काही बिघडत नाही. सकाळी आलेला कुत्रा संध्याकाळी घरी पोचतो. पण माथा ओलांडून पलीकडे उतरायचं असेल तर गोष्ट बदलते. कुत्र्याचा इलाखा ठरलेला असतो. पलीकडच्या गावातली कुत्री त्याला उभं राहू देत नाहीत, आपण मोटारीत बसून निघून जातो, आणि तो अनोळखी डोंगरात एकटा, बिबट्याच्या वेळेला. हे मला फार निर्दयपणाचं वाटतं. त्याला सुरुवातीलाच बिस्किटं घालू नयेत, गावाच्या शिवेपाशी थांबून परतवावं. तरीही आलाच, तर आपला बेत बदलावा आणि मायंब्याहून मढीलाच परतावं. युधिष्ठिराने ज्याला टाकलं नाही त्याची गोष्ट सांगायची आणि आपण मात्र त्याला पलीकडच्या फाट्यावर सोडून यायचं, हे जुळत नाही.

कोणता कुत्रा न्यावा? मराठवाड्यात पश्मी आणि कारवानी कुत्री शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले. लांब पाय, अरुंद कंबर, आणि हे ऊन अंगात मुरलेलं. त्यांची कातडी मात्र पातळ, काट्याकुट्यांनी पटकन फाटते. आणि ससा दिसला की ती थांबत नाहीत, तेव्हा दोर हातात घट्ट हवा, कारण सशाची शिकार हा गुन्हा आहे. गावठी कुत्रा सगळ्यात भरवशाचा. हस्की, सेंट बर्नार्ड यांना बालाघाटावर आणूच नये, आणि चपट्या नाकाच्या पगला तर थंडीतही नाही, कारण त्याचं धापा टाकणंच अपुरं असतं. वर्षाच्या आतलं पिल्लू आणि सांधे दुखणारा म्हातारा कुत्रा घरीच बरा.

निघण्याच्या काही आठवडे आधी रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिसची लस पूर्ण झालेली असावी. या दगडांत फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. माणसाला देतात तीच सर्पविषविरोधी लस कुत्र्यालाही चालते, पण ती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात असेलच असं नाही, तेव्हा आधी फोन करून विचारून घ्यावं. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक 1962 मोबाइलमध्ये असू द्यावा. मढीला आणि मायंब्याला देवळाबाहेर कुत्र्याजवळ एकाने थांबावं, दुसऱ्याने दर्शन घ्यावं. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीची यात्रा असते. त्या गर्दीत आणि ढोलताशात कुत्र्याचं काही काम नाही.

आणि फाल्गुन लागला की कुत्र्यासाठी हा डोंगर बंद समजावा. हाताची पालथी बाजू दगडावर पाच सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. अशा दिवशी चढ अर्धा झाला असला तरी मागे फिरा. फाल्गुन ते मृग या काळात कुत्र्याला घेऊन बालाघाट चढू नका.